गोंडे फुलल्यावर पंप उचलायच्या आधी एक फोन करा: कांदा बियाणं करणाऱ्या शेतकऱ्यांना खुलं पत्र

राम राम मंडळी,

बुलडाणा-जालना पट्ट्यात कांद्याचं बियाणं करणाऱ्या सगळ्या दादांना, काकांना, आणि ज्या घरी प्लॉटचं सगळं बाईमाणूसच बघतं त्या ताई-वहिनींना हे पत्र आहे. मी मधमाशा पाळतो. मेलिफेरा या पाळीव मधमाशीच्या पेट्या आहेत माझ्याकडे, बारा वर्षं झाली या धंद्यात आणि त्यातली आठ वर्षं दर जानेवारीत पेट्या गाडीत भरून तुमच्याच भागात येतोय. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या ओसरीवर जेवलोय, झोपलोय, त्यामुळे हे भांडायला म्हणून लिहीत नाहीये, पण फुलोऱ्यातल्या फवारणीने माशा मरतात ते फार दिवस मनात साठलंय आणि यंदा पेट्या उतरवायच्या आधी ते बोलून टाकायचंय.

मागच्या फेब्रुवारीत एका गावात माझ्या साठ पेट्या होत्या, तीन प्लॉटवर वाटून ठेवलेल्या. गावाचं नाव घेत नाही आणि माणसाचं तर मुळीच नाही, कारण त्या माणसाने मुद्दाम काही केलं नव्हतं. दुपारी एकच्या सुमारास आम्ही दोघं नवराबायको दुसऱ्या प्लॉटवरून परत आलो तर पहिल्यांदा जाणवलं ते म्हणजे आवाज नाही. फुलोऱ्यात दुपारी पेट्यांजवळ गेलं की दहा पावलांवरून घूंऽऽ असा आवाज येतो, तो नव्हताच. जवळ गेलो तर गेटसमोर, म्हणजे पेटीच्या दारासमोर, माशांची चटई अंथरल्यासारखं झालेलं. काही मेलेल्या, काही पाठीवर पडून पाय झाडत होत्या, काही जागच्या जागी गोल गोल फिरत होत्या. एक उचलून तळहातावर घेतली. सोंड पूर्ण बाहेर आलेली, पंख ताणलेले, आणि मागच्या पायाला परागाची गोळी तशीच चिकटलेली. म्हणजे काम करून, माल घेऊन घरापर्यंत आली होती बिचारी आणि उंबऱ्यावर मेली. बायको खराट्याने झाडत होती आणि पाटीत भरत होती, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी पेट्या उघडत सुटलो, ज्या पेटीत आदल्या दिवशी आठ फ्रेम (पोळ्याच्या लाकडी चौकटी) भरून माशा होत्या तिथे तीन फ्रेमवर विरळ विरळ दिसत होत्या. एका भरलेल्या फ्रेमवर दोन्ही बाजू धरून साधारण दोन हजार माशा असतात, आता तुम्हीच हिशोब करा एका पेटीत किती गेल्या असतील ते.

सकाळी नऊ वाजता शेजारच्या प्लॉटवर ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी झाली होती. थ्रिप्ससाठी, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किड्यांसाठी दोन कीटकनाशकं, करप्याचं एक बुरशीनाशक, वर टॉनिक आणि औषध चिकटवणारं स्टिकर, सगळं एकाच टाकीत. गोंडे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे गोल झुबके, निम्म्याहून जास्त फुललेले. मी विचारायला गेलो तर ते काका खरंच गोंधळले, म्हणाले, अरे पण तुझ्या पेट्या तर बांधापलीकडच्या वावरात आहेत, मी माझ्या वावरात मारलं. मला राग आला होता पण त्या क्षणी कळलं की या माणसाला कोणी सांगितलेलंच नाही. कृषी सेवा केंद्रवाल्याने बाटली दिली तेव्हा सांगितलं नाही, कंपनीचा फिल्डमन दर आठवड्याला येतो त्याने सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतं सांगितलं. मी फक्त ज्याच्याकडून पेट्यांचं भाडं घेणार होतो त्याच्याशी बोललो होतो. ती चूक माझी आहे, म्हणून हे पत्र आता सगळ्यांना.

तर पहिली गोष्ट, माशीला बांध कळत नाही. मेलिफेरा पेटीपासून दोन-तीन किलोमीटर सहज जाते. नुसते दोन किलोमीटर धरले तरी चारी बाजूंनी मिळून साडेबारा चौरस किलोमीटर होतात, म्हणजे तीन हजार एकरांच्या वर. तुमच्या प्लॉटवर पेटी नसली तरी तुमच्या गोंड्यावर बसलेली माशी कोणाच्या तरी पेटीतली असते, नाहीतर जवळच्या आंब्या-वडाच्या फांदीवरच्या आग्या मोहोळातली असते. तुमच्या गोंड्यात दाणा भरला तो तिच्यामुळेच.

दाण्याचं पण थोडं बोलू, कारण मला अजून असे शेतकरी भेटतात ज्यांना वाटतं की वाऱ्यानेच होतं सगळं, पेट्या म्हणजे मधवाल्याचा धंदा. एकदा सकाळी भिंग घेऊन गोंडा बघा. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात, ती एकदम उमलत नाहीत, आज काही, उद्या काही, असं करत दोन-तीन आठवडे चालतं. प्रत्येक फुलात आधी पराग सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणजे त्या फुलाचा पराग त्याच्याच कामाला येत नाही, दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो. कांद्याचा पराग चिकट असतो, ज्वारी-मक्यासारखा वाऱ्यावर उडत नाही. प्रत्येक फुलात तीन कप्पे आणि कप्प्यात दोन बीजांडं, म्हणजे फार तर सहा दाणे. माशी नीट फिरली तर त्यातले चार-पाच भरतात, नाही फिरली तर बोंड पोकळ राहतं आणि एप्रिलमध्ये मळणी करताना भुसाच जास्त उडतो. हायब्रीडचा प्लॉट असेल तर अजून अवघड, कारण मादी ओळीत पराग नसतोच, नर ओळीतला पराग घेऊन माशी मादी ओळीत गेली तरच बी. काही ठिकाणी बायका लावून गोंड्यांवरून हात किंवा फडकं फिरवतात, त्यांच्या कष्टाला नमस्कार, पण एका पेटीतून दिवसभर हजारो माशा ज्या चकरा मारतात त्याला माणसाचा हात पुरत नाही.

त्यात अजून एक अडचण, कांद्याचं फूल माशीला मुळात फारसं आवडत नाही. त्याच्या रसात पोटॅशियम जास्त असतं. जवळ धने, मोहरी, सूर्यफूल असेल तर ती तिकडे पळते. म्हणून मी सांगतो की दहा टक्के गोंडे उमलले की पेट्या आणा, फार आधी आणल्या तर माशांना दुसऱ्या फुलाची सवय लागते आणि मग त्या कांद्याकडे वळतच नाहीत. आणि एकरी एक पेटी ठेवून भागत नाही, दोन-तीन तरी लागतात. एवढं सगळं जुळवून आणलेल्या माशा फवारणीच्या एका सकाळीत संपल्या तर त्या महिन्यात दुसऱ्या कुठून आणणार? फुलोरा थोडाच थांबून राहतो.

आता फवारणीनंतर पेटीच्या आत काय होतं ते सांगतो, कारण बाहेर पडलेल्या मेलेल्या माशा सगळ्यांना दिसतात, आतलं कोणाला दिसत नाही. कामकरी माशी अंड्यापासून एकवीस दिवसांनी बाहेर येते. तीन दिवस अंडं, सहा दिवस अळी, बारा दिवस कोष. बाहेर आली की लगेच शेतावर जात नाही, आधी साधारण तीन आठवडे घरातलीच कामं, अळ्यांना भरवायचं, मेण काढायचं, साफसफाई, दारावर राखण, आणि मग शेवटचे दोन-तीन आठवडे शेतावर. सकाळच्या फवाऱ्यात या शेतावरच्याच सगळ्या मरतात. मग घरातल्या कोवळ्या माशांना वेळेआधी बाहेर पडावं लागतं, त्या लवकर मरतात. अळ्यांना भरवणारं आणि ऊब देणारं कोणी राहत नाही, फेब्रुवारीतल्या रात्री अजून गार असतात, ब्रूड, म्हणजे वाढणाऱ्या अळ्या आणि कोष, गारठून मरतं. खायला येत नाही म्हणून राणी अंडी घालायचं कमी करते. म्हणजे आज मेलेल्या माशांची भरपाई व्हायला नव्या अंड्यापासून शेतावर जाणारी माशी तयार होईपर्यंत सहा आठवडे जातात. तोपर्यंत तुमचा फुलोरा संपलेला असतो. शिवाय काही माशा विष लागलेला पराग घेऊन घरी पोचतात, तो फ्रेममध्ये साठवला जातो आणि पुढचे कितीतरी दिवस अळ्या तोच खातात. मी पराग भरलेल्या सगळ्या फ्रेम काढून टाकल्या, साखरेचं पाणी दिलं, गेट बारीक केली, आणि दोन-तीन कमजोर पेट्यांची एक पेटी करायला लागलो. मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा, दोन्हीकडच्या माशा तो कुरतडेपर्यंत एकमेकींच्या वासाला सरावतात आणि मग भांडत नाहीत. साठच्या अडतीस झाल्या. त्यातल्याही पाच पुढच्या महिन्यात मेणकिड्याने खाल्ल्या, कारण पेटीत माशा कमी असल्या की पोळ्यावर राखण राहत नाही आणि मेणकिडा आत शिरतोच.

मला माहितीये, थ्रिप्सचं काय करायचं मग, हा तुमचा पहिला प्रश्न असणार आणि तो अगदी बरोबर आहे. गोंडा भुरकट पांढरा पडायला लागला की पोटात गोळा येतो, वर्षभराचा पैसा त्या गोंड्यात अडकलेला असतो. मी म्हणत नाही की फवारू नका. मी म्हणतो की थ्रिप्सचा बंदोबस्त दांडा निघतो तेव्हाच करा, गोंड्याची पिशवी फुटायच्या आधी, तेव्हा माशी प्लॉटकडे फिरकत पण नाही आणि थ्रिप्स पातीच्या बेचक्यात असतात तिथे औषध पोचतं. प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच लावून ठेवल्या तर बाहेरून येणारे थ्रिप्स बरेच अडतात, राजगुरूनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची ही जुनीच शिफारस आहे. निळे चिकट सापळे लावा, कळतं तरी किती आहेत ते. बरेच जण सापळ्यावर काय आहे हे न बघता पंचांगात वार बघितल्यासारखं दर आठ दिवसांनी फवारतात, ते नका करू.

आणि फुलोऱ्यात फवारावंच लागलं तर संध्याकाळी. माशा साधारण नऊ-दहापासून तीन-चारपर्यंत फुलावर जोरात असतात, सूर्य मावळताना सगळ्या घरी येतात. त्यानंतर फवारलं तर रात्रभर वाळायला वेळ मिळतो. पण यात एक गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याकडे त्या दिवसांत पहाटे दव पडतं, पानावरचं औषध परत ओलं होतं, म्हणून दव पूर्ण वाळेपर्यंत धोका असतोच. आणि सगळीच औषधं रात्रीत उतरत नाहीत. फिप्रोनिल, क्लोरपायरीफॉस असली औषधं संध्याकाळी मारली तरी दुसऱ्या दिवशी आणि त्याच्याही पुढे मारतात, इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम तर आंतरप्रवाही आहेत, झाडाच्या रसातून फुलाच्या रसात उतरतात. युरोपात 2018 मध्ये ही दोन आणि त्यांच्या जोडीचं क्लोथियानिडिन उघड्या शेतात वापरायला बंद केलं ते माशांसाठीच. ही फुलोऱ्यात नकोच. निंबोळी अर्क पाच टक्के संध्याकाळी मारला तर मला चालतो, तरी पण आधी फोन करा.

बाटलीवरच्या त्रिकोणाबद्दल पण बोललंच पाहिजे कारण यात फार जण फसतात. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्रिकोण असतो, आणि दुकानात सर्रास सांगतात की हिरवा आहे, काही होत नाही. तो रंग माणसाला आणि जनावराला किती विषारी त्यावरून ठरतो, उंदरांवर तपासून. माशीचा त्यात काही संबंध नाही. माणसाला सौम्य असलेलं औषध माशीला जालीम असू शकतं. त्रिकोण बघून माशीचा अंदाज बांधू नका, लेबलवरची बारीक अक्षरं वाचा, मधमाशांना घातक असं लिहिलेलं असेल तर तिथेच लिहिलेलं असतं. आणि एकात चार औषधं मिसळायची सवय सोडा. काही बुरशीनाशकं एकटी मारली तर माशीला फार त्रास देत नाहीत पण काही कीटकनाशकांबरोबर गेली की त्याचं विष कितीतरी पट वाढवतात. दोन फेऱ्यांची मजुरी वाचते हे मला कळतं, पण मोजा एकदा की त्या बचतीत दाणा किती गेला.

अजून एक, गुळाचं पाणी. माशा येत नाहीत म्हणून गोंड्यांवर गुळाचं पाणी शिंपडतात, हे मी जवळजवळ प्रत्येक गावात बघितलंय. माशा येतात हे खरं, पण त्या पानावरचा, दांड्यावरचा गूळ चाटतात आणि पोट भरून घरी जातात, फुलाच्या आत तोंड घालायची त्यांना गरजच राहत नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत एका ठिकाणी गूळ औषधाच्याच टाकीत टाकलेला, म्हणे औषध चिकटतं आणि माशा पण येतात, एका फवाऱ्यात दोन कामं. दादांनो, हात जोडतो, हे कधीच करू नका. माशीला गोड मिळालं की ती एकटी खात नाही, घरी येऊन पोळ्यावर नाचून बाकीच्यांना दिशा आणि अंतर सांगते. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञाने तो नाच उलगडून दाखवला आणि 1973 साली त्यांना नोबेल मिळालं. तोच नाच करून ती आपल्या बहिणींना तुमच्या विषाच्या गुळावर घेऊन येते. टाकी धुतलेलं पाणी पण पाटात, चारीत सोडू नका. माशांना पाणी लागतं, ऊन वाढलं की खूप लागतं, आणि त्या जवळचं पाणी पितात. एखाद्या उथळ टोपल्यात प्लास्टिक घालून पाणी भरा आणि त्यात गोणपाट टाका, म्हणजे त्या बुडत नाहीत, तेवढं बास आहे.

आता फोनचं. मी आदल्या दिवशीच का सांगा म्हणतो ते नीट समजून घ्या. सकाळी पंप पाठीवर घेऊन फोन केला की भाऊ मी फवारतोय, तर माझ्या हातात काही उरत नाही, कारण माशा तोवर बाहेर पडलेल्या असतात आणि बाहेर गेलेली माशी मला परत बोलावता येत नाही. दुपारी पेटी उचलली तर शेतावरच्या माशा मागेच राहतात. आदल्या दिवशी कळलं तर मी संध्याकाळी येतो, सगळ्या घरी आल्या की गेटला जाळी लावतो. मग दोन रस्ते. फवारा साधा असेल तर पेट्या तिथेच बंद ठेवायच्या, वर हवेला जागा ठेवायची, ओलं गोणपाट टाकायचं, सावली करायची, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडायच्या. त्याहून जास्त बंद ठेवता येत नाहीत, उन्हात बंद पेटीत माशा घाबरून गोंधळ घालतात, आतली गरमी वाढते, पोळं मऊ होऊन खाली बसतं आणि सगळ्या गुदमरून मरतात, एक दिवस म्हणजे एकच दिवस. आणि औषध जालीम असेल तर पेट्या उचलून लांब न्यायच्या. लांब म्हणजे तीन-चार किलोमीटर तरी, नाहीतर सकाळी उठून त्या आपल्या जुन्या जागीच येतात. त्यासाठी गाडी लागते, दोन माणसं लागतात, दुसऱ्या कोणाची तरी जागा मागावी लागते. म्हणून एक दिवस आधी. माझ्या प्रत्येक पेटीवर माझा फोन नंबर रंगवलेला आहे, बांधावरून जाताना दिसतो. रात्री अकराला करा, मी उचलतो.

पेटी ज्याच्या वावरात आहे त्यानेच नाही, चारी बाजूच्यांनी करायचा आहे फोन. यंदा मी स्वतः प्रत्येक गावात पेट्या उतरवायच्या आधी आजूबाजूच्या वावरवाल्यांना भेटणार आहे, आणि गावच्या ग्रुपवर टाकणार आहे की अमुक गटात पेट्या आहेत. ड्रोनवाल्यांनाही सांगणार आहे, हल्ली ड्रोनने फवारणी सकाळीच उरकतात आणि वाऱ्याबरोबर ते कुठवर जातं हे खालच्या माणसाला कळत पण नाही. फिल्डमन भाऊ, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्याकडे माझी एवढीच मागणी आहे की फवारणीचं वेळापत्रक लिहून देता त्यात फुलोऱ्याच्या आठवड्यांसमोर एक ओळ लिहा, पेटीवाल्याला कळवलं का. तुमचं ऐकतात शेतकरी, माझ्यापेक्षा जास्त ऐकतात.

आमच्या बाजूचं पण बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. पेटीवाले पण काही वेळा रिकाम्यासारख्या पेट्या आणून ठेवतात आणि भाडं पूर्ण घेतात. तुम्ही पेटी उघडून दाखवा म्हणा, तुमचा हक्क आहे तो. सात-आठ फ्रेम माशांनी झाकलेल्या हव्यात, राणी किंवा ताजी अंडी दिसली पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे उघडं ब्रूड हवं, पांढऱ्या अळ्या. अळ्या असल्या की माशांना पराग लागतो आणि पराग लागतो म्हणून त्या फुलात घुसतात. नुसत्या मधाने भरलेल्या पेटीतल्या माशा तुमच्या काय कामाच्या? रोगट पेटी पण ओळखता येते. पंख चुरगळलेल्या, उडता न येणाऱ्या माशा गेटसमोर चालताना दिसल्या तर आत व्हरोवा आहे समजा, तो माशीच्या अंगावर जगणारा बारीक लालसर तपकिरी कोळी बंद ब्रूडमध्ये वाढतो, नर माशीच्या ब्रूडमध्ये जास्त. मी पेट्या आणायच्या आधी तपासतो. अर्धा कप माशा, म्हणजे तीनशेच्या आसपास, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या (राणी त्यात नाही ना हे आधी दोनदा बघायचं), दोन चमचे पिठीसाखर टाकायची, मिनिटभर घोळवायच्या आणि मग पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यावर झटकायच्या. साखर विरघळते, कोळी तरंगतात, मोजता येतात. आठ-दहा निघाले तर ती पेटी गाडीत चढवायची नाही, आधी उपचार करायचे. माशांना काही होत नाही, पेटीत परत टाकल्या की बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात. अळ्या पिवळट, वाकड्या पडलेल्या आणि आंबट वास येत असेल, किंवा कोषात काडी घालून ओढली तर तार निघत असेल, तर ती पेटी कुणाच्याही प्लॉटवर येता कामा नये, दुसऱ्या पेट्यांना लागतं. हे सगळं मला विचारा, मी दाखवतो, दाखवायला आवडतं मला.

हे आमच्या मेलिफेराचं झालं. पण तुमच्या शिवारात आग्या आहे, काटेरी झुडपात छोटं पोळं करणारी फुलोरी आहे, झाडाच्या ढोलीत किंवा विहिरीच्या कपारीत सातेरी आहे, त्या भाडं मागत नाहीत आणि कांद्यावर त्यांचं काम मोठं आहे, आग्या तर माझ्या माशांच्या आधी गोंड्यावर दिसते कितीदा. त्यांना फोन करून कोणी गेट बंद करत नाही. त्या मेल्या तर कोणाला कळत पण नाही, कोणी पाटी भरत नाही. आग्या मोहोळ रात्री टेंभे लावून जाळतात आणि दोन किलो मधासाठी पूर्ण वसाहत संपवतात, तेही थांबवा, निदान आपल्या वावरातल्या झाडावर तरी होऊ देऊ नका. सातेरीचं तर मन दुखतं. 1990 नंतर दक्षिणेत थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या, लोकांचे धंदे बसले. त्या रोगाला औषध नाही, ज्या वसाहती तगल्या त्यांच्यापासून परत वाढवत आणल्या लोकांनी. महाबळेश्वरकडे अजून सातेरी पाळतात, 2022 मध्ये तिथलं मांघर मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथली माणसं माशांना घरातल्यासारखं जपतात. आपल्या पट्ट्यात सातेरी आता विहिरीच्या कपारीतच उरली आहे. विहिरीत उतरताना दिसली तर राहू द्या.

त्या काकांशी माझं नंतर काय झालं हे बरेच जण विचारतात. नुकसानभरपाई मी मागितली नाही. त्यांच्याही प्लॉटचा दाणा त्या वर्षी विरळ भरला, मळणीला मी गेलो होतो, सूप हातात घेऊन ते उभे होते आणि वाऱ्यावर टाकलं की काळ्या दाण्यापेक्षा भुसाच जास्त उडत होता. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. दिवाळीनंतर त्यांचाच फोन आला, कांदे लावलेत, यंदा पेट्या माझ्याकडे पण ठेव म्हणाले, आणि पुढे म्हणाले की फवाऱ्याचं मी आधी सांगेन. मी दहा पेट्या त्यांच्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्यात.

बाकी यंदाचं असं, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहिली गाडी येईल. तुमच्या प्लॉटमध्ये शंभरातले दहा गोंडे उमललेले दिसले की कळवा, मग दोन रात्रींत मी पोचतो. पेट्या रात्रीच उतरवाव्या लागतात, तेव्हा वावराच्या वाटेवरची तार आणि बाभळीच्या काट्या त्या दिवशी काढून ठेवा, कुत्रं बांधा, आणि पेट्या ठेवायची जागा अशी बघा की सकाळचं ऊन गेटवर येईल आणि दुपारी सावली पडेल. स्टँडच्या पायांखाली ठेवायला वाट्या मी आणतो, त्यात पाणी भरायचं काम रोज कोणीतरी घरच्याने करा, मुंग्या चढत नाहीत.

तुमचाच,
पेटीवाला भाऊ